नदीत मासे सोडण्याआधी

परवा पुण्याजवळ मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका ताईंनी फोटो टाकला. काचेच्या टाकीत धड वळताही येत नाही असा काळपट मासा, अंगावर खवल्यांच्या जागी कडक पट्ट्या, तोंड खाली काचेला चिकटलेलं. त्यांनी लिहिलं होतं, "मुलासाठी बोटाएवढा आणला होता. टाकीतलं शेवाळ खातो म्हणून दुकानदाराने दिला. आता मावत नाही आणि मारवतही नाही. मुळा-मुठेच्या कुठल्या घाटावर सोडला तर जगेल?" पाठोपाठ उत्तरं आली. कुणी म्हणालं पुलाखाली पाणी खोल आहे, कुणी म्हणालं एकादशीला सोडा, पुण्य लागेल.

मी लिहिलं, "ताई, तो कुठेही जगेल. दुखणं तेच आहे. कृपा करून सोडू नका. दुकानदार परत घेतो का बघा, मोठी टाकी असलेलं कुणी मिळतंय का बघा, आणि काहीच जमलं नाही तर पशुवैद्यकाला विचारून त्याला त्रास न होता संपवा." त्यावर त्यांचा निरोप आला की तुम्ही जीवशास्त्र शिकवता आणि इतकं कठोर बोलता? गटावर दोन ओळींत सांगता येण्यासारखं हे नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

माझं माहेर भिगवणच्या पुढे, उजनीच्या फुगवट्यावर. आम्ही भोई. आबा, म्हणजे माझे आजोबा, धरण व्हायच्या आधीच्या भीमेत मासे धरायचे. अण्णांनी सगळी उमर धरणाच्या पाण्यावर काढली. आता माझा धाकटा भाऊ पहाटे होडी काढतो. त्या ताईंच्या फोटोतला मासा मी आमच्या होडीत कितीतरी वेळा पाहिलाय. आमच्याकडे त्याला सकर म्हणतात. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, अ‍ॅमेझॉन-ओरिनोकोच्या बाजूचा. पुण्यामुंबईच्या दुकानांतून घराघरातल्या टाक्यांत गेला, तिथून कुणीतरी दया येऊन नाल्यात, तळ्यात, नदीत सोडला, आणि पुराच्या पाण्याबरोबर तो खाली आमच्यापर्यंत आला.

नायलॉनच्या जाळ्यात सकर अडकला की त्याच्या परांचे काटे आणि अंगावरचे खरखरीत कवच धाग्यात असे गुंततात की तो सहजासहजी सुटत नाही. ओढावं तर बोटं फाटतात. शेवटी जाळं कापावं लागतं. एका फेऱ्यात दहा-बारा सकर आले तर घरी आल्यावर दुपारभर जाळं विणत बसायचं. बाजारात त्याला कुणी विचारत नाही, डोकं आणि कवच काढल्यावर मांस ते किती उरणार? काठावर फेकला तरी तासन् तास जिवंत राहतो, कारण पाण्यातला प्राणवायू संपला तर तो वर येऊन हवा गिळतो आणि पोटाच्या भिंतीतून ती वापरतो. काठाच्या मातीत हातभर खोल बिळं करून त्यात अंडी घालतो आणि नर त्यांची राखण करतो. त्या बिळांनी काठ ढासळतो. तळाचं शेवाळ आणि गाळ खरवडून खाताना दुसऱ्या माशांनी दगडांना चिकटवलेली अंडीही त्याच्या पोटात जातात. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी नुसत्या पाण्याच्या नमुन्यात उरलेल्या डीएनएवरून हा मासा कुठे कुठे पोचलाय ते शोधलं, तेव्हा पूर्व घाटात तपासलेल्या जलाशयांपैकी साठेक टक्क्यांत तो सापडला. जाळं न टाकता कळतं हे मला फार मोलाचं वाटतं, कारण जाळ्यात दिसू लागेपर्यंत वेळ गेलेली असते.

तर ताई, तुमचा एक मासा म्हणजे एकच मासा नसतो.

पण नुसत्या सकरवर खापर फोडलं तर गोष्ट अर्धीच राहील. तो आला तेव्हा नदी आधीच मोकळी झालेली होती, आणि ती मोकळी कशी झाली हे मी घरातच ऐकत वाढले.

आबा सांगायचे त्या भीमेत डोह होते, मधे उथळ वाहतं पाणी, गोट्यांचे आणि वाळूचे पट्टे. खडशी, कोळशी, शिंगटा, शिवडा, वाम, मरळ. कुठला मासा कुठल्या डोहात, कुठल्या महिन्यात, हे त्यांना तोंडपाठ. खडशी म्हणजे महाशीर. ती वाहत्या, थंड, स्वच्छ पाण्यातली आणि गोट्यांवर अंडी घालणारी. 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झालं. 117 टीएमसीचा साठा, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. नदीचं वाहणं थांबलं आणि मैलोन् मैल साचलेलं पाणी झालं. गावं गेली ती सगळ्यांना माहीत आहेत, उन्हाळ्यात पळसदेवचं देऊळ वर आलं की वर्तमानपत्रात फोटोही येतात. डोह आणि वाहत्या पाण्याचे पट्टे गेले त्यांचा फोटो कुणी काढत नाही. जे मासे विणीसाठी वर चढायचे त्यांच्या वाटेत वर चासकमान, पवना, खडकवासला, पानशेत अशी धरणंच धरणं. राहिलेले गोट्यांचे पट्टे वाळूउपशाने खरवडून नेले.

मग पाणी बदललं. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पवना दापोडीजवळ मुळेत येते, आणि मुळा-मुठा पुण्याचं सगळं पोटात घेऊन रांजणगाव सांडसला भीमेत उतरते. म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या न्हाणीघरांचं, संडासांचं, कारखान्यांचं पाणी, शुद्ध झालेलं आणि न झालेलं, शेवटी उजनीत येऊन थांबतं. मांजरीच्या पुलावरून मी रोज कॉलेजला जाते. खाली जे वाहतं तेच आठवडाभराने माहेरच्या दारात पोचणार हे मला पुलावरून जाताना विसरता येत नाही. साबणातलं फॉस्फेट, मैल्यातलं नायट्रोजन, उसाच्या शेतातून येणारी खतं, यांवर जलपर्णी माजते. तीही अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली, फुलं सुंदर म्हणून आणलेली. ती पाण्यावर जाड गादी पसरते, खाली उजेड जात नाही, कुजली की प्राणवायू खाते. पहाटेच्या वेळी पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो, आणि त्या वेळी आधी मरतात ती आपली नदीतली नाजूक जात. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासे पिढ्यान् पिढ्या कुणी मारले नाहीत, वारकरी त्यांना खायला घालतात. त्याच डोहाच्या काठाला गेल्या काही वर्षांत मेलेल्या माशांचा खच पडलेला लोकांनी पाहिला. श्रद्धेने जाळ्यापासून राखलेले मासे सांडपाण्यापासून राखता आले नाहीत.

ज्यांना हे पाणी चालतं ते उरतात. चिलापीला चालतं.

चिलापी म्हणजे तिलापिया, आफ्रिकेतला मासा. 1952 मध्ये भारतात आणला, गरिबांना स्वस्त मासळी मिळावी म्हणून. मादी अंडी तोंडात धरून उबवते, पिल्लं पोहू लागली तरी धोका दिसला की पुन्हा तोंडात घेते. वर्षातून अनेकदा वीण होते आणि काही महिन्यांचं पोरही विणीला येतं. बहुतेक देशी मासे वर्षाला एकदा, पावसात, योग्य पाणी आलं तरच अंडी घालतात आणि निघून जातात. साचलेल्या, कोमट, गढूळ पाण्यात या दोघांची स्पर्धा लावली तर काय होणार ते सांगायला नको. भिगवणच्या लिलावात आज पाट्यांवर पाट्या चिलापीच्याच असतात.

इथे मला एक गोष्ट मोकळेपणाने लिहायची आहे. माझं बी.एस्सी., एम.एस्सी. चिलापीवर झालं. अण्णांनी चिलापी विकून फी भरली. शनिवार-रविवारी पुण्याहून गाड्या भरून लोक भिगवणला पक्षी बघायला आणि चिलापी फ्राय खायला येतात, त्यावर आमच्या भागातली कितीतरी घरं चालतात. म्हणून 'चिलापी हटवा' म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. ती आता हटणारही नाही. मात्र तिच्या जोरावर 'उजनीत मासळी भरपूर आहे, मग अडचण काय' असं म्हणणारे अधिकारी आणि व्यापारी भेटतात तेव्हा मला राग येतो. वजनकाट्यावर मासळी भरते, पण जाती किती हे वजनकाटा सांगत नाही. आणि आता तर चिलापीच्याही जागी सकर येऊ लागलाय, म्हणजे ज्यावर आम्ही तगलो तेही हलतंय.

थाई मांगूरचं थोडक्यात सांगते. तोही आफ्रिकेतला, नुसतं नाव थाई. मोठा, सगळं खाणारा, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जाणारा. 2000 साली देशभर त्याच्या पैदाशीवर बंदी आली. तरी काठावरच्या शेततळ्यांत कोंबड्यांची आतडी-पिसं घालून तो वाढवला जात होता. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कान पिळल्यावर आपल्याकडे तळी फोडून साठे नष्ट करण्यात आले. पण पूर आला की तळ्याचा बांध आणि नदी यांच्यात फरक राहत नाही.

विद्यार्थ्यांना हे सगळं शिकवताना नेहमी एक प्रश्न येतो, "म्हणजे मॅडम, परदेशी मासे वाईट आणि आपले चांगले?" त्याचं उत्तर मी महाशीराच्या गोष्टीतून देते, आणि ही गोष्ट महाराष्ट्रात फार थोड्यांना माहीत आहे.

कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत फिरला. इथल्या नद्यांतले मासे त्याने कोळी-भोयांकडून घेतले, तपासले, चित्रं काढून घेतली आणि 1839 मध्ये त्यांची शास्त्रीय वर्णनं छापली. नुकटा, शिंगटी, खुद्री ही इथलीच नावं त्याने शास्त्रीय नावांत घातली. खडशीचं, म्हणजे टॉर खुद्रीचं, त्याने केलेलं वर्णन पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतून धरलेल्या माशावरून आहे. आमच्या मांजरीच्या अंगालाच ते पाणी येतं. आज तिथे काळं, फेसाळ पाणी आहे.

विसाव्या शतकात महाशीर सगळीकडे घटू लागला तेव्हा लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने मत्स्यबीज केंद्र काढलं. 1970 च्या दशकापासून तिथे या माशाची अंडी काढून, फलन करून, पिल्लं वाढवण्याचं काम चाललं. महाशीराच्या अंड्यांना सतत वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं, जराशी चूक झाली की बुरशी धरते. ते तंत्र त्यांनी बसवलं ही लहान गोष्ट नाही. लाखो पिल्लं तयार झाली आणि देशभर वाटली गेली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत 'संकटग्रस्त' असलेला टॉर खुद्री पुढे 'फारशी चिंता नाही' या वर्गात आला.

त्यातली काही पिल्लं कावेरीत सोडली गेली. मासा टिकावा आणि गळाने मासेमारी करणाऱ्यांना मोठे मासे मिळावेत हा हेतू चांगलाच होता. पण कावेरीला स्वतःचा महाशीर होता. पाठीवर उंच उभार, परांना नारिंगी रंग, आणि आकार असा की 1946 मध्ये कावेरीच्या कबिनी या उपनदीत म्हैसूरच्या एका गृहस्थांनी गळाला लावलेला मासा 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा भरला. जगातल्या सगळ्यात मोठ्या महाशीरांपैकी तो. इतका प्रसिद्ध, तरी त्याचं शास्त्रीय नाव काय यावर एकमतच नव्हतं. सगळे महाशीर म्हणजे महाशीर, असं धरून आमचा निळसर परांचा महाशीर तिथे सोडत राहिले. 1990 च्या दशकापासून मासेमारी शिबिरांच्या वहीत निळ्या परांचे मासे दिसू लागले आणि वाढत गेले, नारिंगी परांचे कमी होत गेले. एकूण महाशीर किती धरले हे पाहिलं तर सगळं छान चाललंय असं वाटत होतं. कुठला महाशीर, हे पाहिलं तेव्हा कळलं. 2018 मध्ये त्या माशाची ओळख पक्की झाली, टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला. त्याचे जे थोडे ठाव उरलेत त्यात कावेरीच्याच खोऱ्यातली मोयार नदी मुख्य. कावेरीचं खालावलेलं पाणी, धरणं, सुरुंग लावून केलेली मासेमारी, वाळूउपसा हे सगळं होतंच, त्यात आमच्या भीमेच्या खोऱ्यातल्या माशाची भर पडली.

ही गोष्ट मला सतत छळते. आमच्या नदीत ज्याच्यासाठी आम्ही रडतो, तोच मासा शेकडो कोसांवर दुसऱ्याच्या नदीत पाहुणा होऊन घरच बळकावतो. देश एकच, माशाचं कुळही एक. म्हणून वर्गात मी 'परदेशी' हा शब्द वापरत नाही. माशाचा गाव म्हणजे त्याचं खोरं. रोहू, कटला, मृगळ यांना आपण देशी म्हणतो, सरकार दरवर्षी त्यांचं बीज धरणात सोडतं, पण ते गंगेच्या बाजूचे, भीमेचे नव्हेत. चंदेरा (सिल्व्हर कार्प) आणि गवत्या (ग्रास कार्प) तर 1959 मध्ये देशाबाहेरून आणलेले. खाण्यासाठी त्यांची पैदास करायची तर बंदिस्त तळ्यात करावी. जिथे आधीच साऱ्या खोऱ्याचं पाणी जमतं त्या धरणात त्यांना सोडत राहणं आणि त्याला 'मत्स्यविकास' म्हणणं मला पटत नाही. अण्णांना हे माझं बोलणं आवडत नाही. बीज सोडलं नाही तर आम्ही धरायचं काय, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. माझं म्हणणं एवढंच की बीज सोडायचंच तर भीमेतल्या जातींचं तंत्रही कुणीतरी बसवावं. महाशीराचं जमलं, तर कोळशीचं, नुकट्याचं का जमू नये? नुकट्याच्या कपाळावर शिंगासारखा उंचवटा असतो, कृष्णा-भीमेच्या खोऱ्याबाहेर तो क्वचितच कुठे मिळतो. पंचगंगेतून ओळखला गेलेला खवलचोर दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खातो. असे जीव आमच्या दाराशी आहेत आणि मुलं ओळखतात ती गप्पी.

गप्पीचंही बोलायला हवं. हिवतापाच्या कामात डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी आणि गॅम्बुशिया सोडण्याची पद्धत शंभरेक वर्षं जुनी आहे. सिमेंटच्या टाकीत, बांधकामाच्या खड्ड्यात, बंद हौदात सोडा, माझी हरकत नाही. पण उत्साहात ओढ्यात, देवराईच्या तळ्यात, विहिरीतल्या झऱ्यात सोडतात तेव्हा ते डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची पिल्लं, चतुरांच्या अळ्या, देशी माशांची अंडीही खातात. चतुराची अळी स्वतः डासांच्या अळ्या खाते. ओढ्यात आधीपासून अंगावर पट्ट्या असलेले चिमुकले मासे असतील तर तेही तेच काम करतात. सोडण्याआधी ओंजळभर पाण्यात पाच मिनिटं डोकावून बघितलं तरी कळतं.

उमेद वाटावी अशाही जागा आहेत, आणि त्या बघून आलेय म्हणून लिहिते. महाडजवळ वाळणकोंडला काळ नदीच्या डोहात वरदायिनीच्या देवळाखाली महाशीर आजही आहेत. हातभर लांबीचे मासे कुरमुऱ्यांसाठी वर येतात. वाड्याजवळ तिळश्याला वैतरणेतही तसेच. दोन्हीकडे वरच्या अंगाला मोठं शहर नाही, पाणी वाहतं आहे, दगड-गोटे जागेवर आहेत आणि डोहात कुणी जाळं टाकत नाही. यातली एक गोष्ट नसती तर बाकीच्या पुरल्या नसत्या, देहूने ते दाखवलंय. लोणावळा, कामशेत, मुळशीच्या वरच्या ओढ्यांत अजून कितीतरी लहान जाती तग धरून आहेत. पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या 1,146 जातींचा 2011 मध्ये आढावा घेतला गेला तेव्हा सुमारे 16 टक्के धोक्यात निघाल्या, माशांत तर त्याहून पुष्कळ जास्त. पण याचा दुसरा अर्थ असा की वाचवण्यासारखं अजून बरंच आहे, आणि ते बहुतेक धरणांच्या वर, लहान ओढ्यांत आहे.

तिथेच दर जूनमध्ये एक गोष्ट होते. पहिला जोराचा पाऊस झाला की ओढे धावू लागतात आणि पोटात अंडी भरलेले मासे पाण्याच्या विरुद्ध चढू लागतात. चढणीचे मासे. टॉर्च, कोयते, मच्छरदाण्या, टोपल्या घेऊन गावंच्या गावं रात्री ओढ्याला लागतात. लहानपणी मीही गेलेय, त्या रात्रीची मजा मला माहीत आहे. पण चिलापी वर्षभर वितात आणि यांना वर्षातून हे आठ-पंधरा दिवसच मिळतात. ते चढताना धरले तर पुढच्या वर्षीचेही तेव्हाच संपतात. आता त्या व्हिडिओंना लाखो लोक बघतात, मग शहरातूनही गाड्या येतात.

यंदा मी माहेरी एवढंच मागितलं की आमच्या गावाचा ओढा जिथे फुगवट्याला मिळतो तिथे पहिल्या पावसानंतरचा पंधरवडा वडाप, म्हणजे ओढायचं मोठं जाळं, ओढायचं नाही, बारीक आसाचं जाळं लावायचं नाही. जेवताना विषय निघाला. अण्णा म्हणाले, "आपण न्हाई टाकलं तर शेजारचा टाकंल." भाऊ म्हणाला, "टाकू दे. मी त्याला पण सांगतो." अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला की पलीकडच्या वस्तीवरचे तिघे तयार आहेत, दोघे नाहीत, आणि ओढ्याच्या तोंडाशी पाटी लावायची तर त्यावर काय लिहायचं ते मी लिहून पाठवावं.